तुमचं विचारणं, माझं सांगणं : बीपीचं मशीन, पहाटेची गरगर आणि थायरॉइडची गोळी

या वेळी पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी एकाच जातीची आहेत. आजार माहितीय, औषधही चालू आहे, पण रोज घरी जे करायचं असतं त्यात कुठेतरी अडलंय आणि डॉक्टरांना एवढंसं काय विचारायचं म्हणून विचारायचं राहून गेलंय. मला तर या एवढ्याशा गोष्टीच फार मोलाच्या वाटतात, कारण डॉक्टर आपल्याला दोन-तीन महिन्यांतून दहा मिनिटं भेटतात, बाकीचे दिवस आपले आपल्यालाच काढायचे असतात. मी डॉक्टर नाही, हे दर वेळी सांगते तसं आताही सांगते. पण थायरॉइडची गोळी मी चौदा वर्षं घेतेय, बीपीची सहा वर्षं, आणि चक्कर दोनदा भोगलीय, त्यामुळे जे लिहितेय ते स्वतः सोसलेलं आणि डॉक्टरांकडून खात्री करून घेतलेलं आहे.

प्रश्न : ताई, माझं वय ४६. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी १५२/९४ निघालं, डॉक्टर म्हणाले घरी मोजून बघा. मशीन आणलं तर सकाळी १२८, दहा मिनिटांनी १४१, रात्री १३६. आता दिवसातून आठ-दहा वेळा मोजतो आणि आकडा बघून अजूनच धडधडतं. खरा आकडा कुठला धरायचा? आणि गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर, म्हणून सुरू करायची इच्छाच होत नाही.

दादा, तुमचे सगळे आकडे खरे असू शकतात. बीपी काही उंचीसारखं नसतं की एकदा मोजलं आणि झालं, ते जिना चढलात की वर, झोपलात की खाली, फोनवर कुणाशी वाजलं की परत वर. माझ्या वहीत एक नोंद आहे, वरचा आकडा १४८ आणि शेजारी मीच लिहिलंय 'बोलत होते'. पट्टा दंडावर आणि मी मुलीशी गप्पा मारत बसलेले. मग गप्प बसले, दहा मिनिटांनी परत घेतलं तर १३१. त्या दिवसापासून मोजताना घरात कुणी माझ्याशी बोलत नाही.

तर पद्धत अशी. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन या, ते तुंबवून बसलात तरी आकडा वाढतो. मग पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं नुसतं बसायचं, मोबाईलसुद्धा हातात नको, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, मांडी किंवा पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, शर्टाच्या बाहीवरून नाही, आणि हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा हृदयाच्या रेषेत येईल. हात मांडीवर ठेवून मोजणारे खूप जण आहेत, आणि हात हृदयापेक्षा दहा सेंटीमीटर खाली असला तर तेवढ्यानेच आकडा सात-आठने वाढलेला दिसतो. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तरी खोटा जास्त आकडा येतो, म्हणून पट्ट्यावर किती सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी आहे ते छापलेलं असतं ते बघा आणि टेपने दंड मोजा. ही मशीनं पट्ट्यातली थरथर पकडून दाब काढतात, त्यामुळे हात जरा जरी हलला तरी गणित चुकतं. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचंच घ्या.

आता किती वेळा मोजायचं, तर सकाळी औषधाच्या आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी तसंच दोनदा. असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून द्या, कारण पहिल्या दिवशी सगळेच धास्तावलेले असतात, आणि बाकी सहा दिवसांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९०ला जास्त म्हणतात ना, तशी घरच्या सरासरीची रेघ साधारण १३५/८५ला धरतात. सरासरी त्याच्या खाली आली आणि दवाखान्यातच वाढत असेल, तर त्याला व्हाइट कोट म्हणतात, म्हणजे डॉक्टरांचा पांढरा कोट बघूनच वाढणारं बीपी, तरीही मधूनमधून लक्ष ठेवावं लागतं. याच्या उलटंही होतं, दवाखान्यात छान आणि घरी वाढलेलं, ते जास्त धोक्याचं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. सुरुवातीला एकदा दोन्ही दंडांवर मोजून बघा, ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच पुढे वापरायचा, आणि दोन्हींत दहा-पंधराहून जास्त फरक सारखा येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि हात जोडून सांगते, आठ-दहा वेळा मोजणं आजपासून बंद. भीतीने मोजलेला आकडा भीतीचा असतो. मोजण्याच्या वेळा सोडून मशीन कपाटात ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या, आकडा १८०/१२०च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूला बळ कमी होणं, बोलणं अडखळणं, नजर धूसर होणं यातलं काही असेल तर परत परत मोजत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. नुसताच आकडा वाढलाय, बाकी काही त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसून परत घ्या आणि तरी तसाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

गोळीचं म्हणाल तर मीही वर्षभर टाळली आणि त्या वर्षाचं मला आजही वाईट वाटतं. दुखत नाही ना म्हणून आपण अंगावर काढतो, पण वाढलेला दाब डोळे, किडनी, हृदय यांच्यावर गुपचूप काम करतच असतो. वजन उतरलं, चालणं वाढलं, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आलं (डब्ल्यूएचओचा आकडा आहे हा, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक छोटा चमचा) की काही जणांची गोळी डॉक्टर कमीही करतात. पण ती कमी त्यांनी करायची, आपण नाही. आणि हो, गुडघेदुखीला वगैरे जी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर आपण मनाने घेतो, ती बीपी वाढवतात. सर्दीच्या काही गोळ्याही. डॉक्टरांना हे सांगायला बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : काकू, माझ्या आईला (वय ६१) पहाटे कूस बदलताना एकदम घर फिरल्यासारखं झालं, ओकारी झाली. आम्ही घाबरून हॉस्पिटलमध्ये नेलं, तपासण्या नॉर्मल. महिना झाला, चक्करेच्या गोळ्या चालू आहेत, मानेला पट्टाही दिलाय, पण वर बघितलं किंवा उजवीकडे वळलं की परत फिरतं. आई आता पलंगावर आडवं व्हायलाच घाबरते, खुर्चीत बसून झोपते. काय करावं?

बाळा, तुझं पत्र वाचून माझ्याच अंगावर काटा आला. पहाटे पाचचा अलार्म बंद करायला मी उजवीकडे वळले आणि कपाट, खिडकी, छत सगळं एका दिशेने सुटलं. मी गादीची कड दोन्ही मुठींत धरून ठेवली होती, इतकी घट्ट की नंतर बोटं दुखत होती. पॅरालिसिसच आला असं वाटलं मला. मनात आकडे मोजत होते, तीस-चाळीसपर्यंत आले आणि थांबलं. उठले तर परत.

मलाही तुझ्या आईसारखीच मान सांगितली होती आणि पट्टा दिला होता. पाच आठवडे असेच गेले. मग एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी माझी सगळी हकिगत नीट ऐकली आणि दोनच प्रश्न विचारले, किती वेळ टिकतं आणि काय केल्यावर येतं. मी म्हटलं, मिनिटाच्या आत थांबतं, आणि कूस बदलली, वर बघितलं किंवा खाली वाकले की येतं. त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे अर्धी वळवली, झटकन मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं, आणि म्हणाले डोळे मिटू नका. गरगर सुरू झाली तशी शेजारी उभी असलेली मुलगी ओरडली, आई तुझे डोळे उड्या मारतायत! डॉक्टर म्हणाले, हेच बघायचं होतं. या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात, १९५२ सालापासून ती चालत आलीय, टेबलाशिवाय काही लागत नाही तिला.

होतं काय, तर आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, संगमरवर ज्याचा असतो तेच द्रव्य. वयाने, डोक्याला मार लागल्याने, कधी काहीच कारण नसताना ते कण जागेवरून सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत जाऊन पडतात. नळीत पाणी असतं, डोकं हललं की कण घरंगळतात, पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कण स्थिरावले की चक्कर थांबते, म्हणून ती मिनिटभराचीच असते. याला बीपीपीव्ही म्हणतात आणि चक्करेच्या कारणांत हेच सगळ्यात जास्त आढळतं. आता तूच बघ, कण नळीत अडकलेत तर गोळी त्यांना बाहेर कशी काढणार? गोळीने मळमळ कमी होते, कण तिथेच राहतात.

ते बाहेर काढायचे ते डोकं ठराविक क्रमाने फिरवून. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत काढली, सुरुवातीला त्यांच्यावर फारसं कुणी विश्वास ठेवला नाही, १९९२ साली त्यांचा पेपर छापून आला आणि आज जगभर हेच करतात. ज्या बाजूला त्रास त्या बाजूला मान वळवून झोपवतात, साधारण अर्धा ते एक मिनिट थांबतात, मग डोकं दुसऱ्या बाजूला, मग अख्खं अंग त्याच कुशीवर, नाक जमिनीकडे, आणि मग हळूच उठवून बसवतात. जेमतेम पाच मिनिटांचं काम. मधल्या वेळात मला भयंकर फिरलं, मी मुलीचा हात सोडला नाही, पण त्या रात्री पाच आठवड्यांनी मी आडवी झोपले. कुणाला एकदा करून पुरतं, कुणाला दोन-तीनदा करावं लागतं.

आईला कान-नाक-घसा किंवा न्यूरोच्या डॉक्टरांकडे ने आणि सरळ विचार की हे बीपीपीव्ही आहे का, डिक्स-हॉलपाइक करून बघाल का. विचारायला संकोच करू नकोस. व्हिडिओ बघून घरी पहिल्यांदा करू नका, कारण कुठला कान आणि कुठली नळी हे आधी ठरावं लागतं आणि मानेचा, मणक्याचा खरंच त्रास असेल तर पद्धत बदलावी लागते. एकदा त्यांनी शिकवलं की पुढच्या वेळी घरी करता येतं, मी दुसऱ्या खेपेला घरीच केलं. हे परत येऊ शकतं, तेवढी मनाची तयारी ठेवा. ड जीवनसत्त्व कमी असलं की परत परत येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, ते एकदा तपासून घ्या.

मात्र चक्करेसोबत तोंड वाकडं होणं, बोलणं बोबडं होणं, एकाची दोन दिसणं, हातापायात बळ नसणं, अचानक कधी नव्हे एवढं डोकं दुखणं, किंवा चक्कर मिनिटात न थांबता तासन् तास राहून चालताच न येणं, यातलं काही दिसलं तर ती गोष्ट वेगळी आहे, मग इमर्जन्सीतच जायचं. आणि तोवर आईला एकटीला स्टुलावर चढू देऊ नकोस, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेव, उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायला सांग.

प्रश्न : वय ३४, दोन वर्षांपासून थायरॉइडची गोळी घेते, एकही दिवस चुकवत नाही. तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) ९.८, म्हणजे जास्तच आलं. डोस दोनदा वाढला. सकाळी गोळी घेते, लगेच चहा, आणि विसरायला नको म्हणून आयर्न आणि कॅल्शियमपण तेव्हाच घेऊन टाकते. गोळीची सवय लागल्यामुळे ती काम करत नाहीये का?

अगं, उत्तर तुझ्याच पत्रात आहे! आयर्न आणि कॅल्शियम ही दोन्ही थायरॉइडच्या गोळीला पोटात धरून ठेवतात, ती रक्तात नीट जातच नाही. मध्ये चार तास तरी सोड. मी कॅल्शियम रात्री घेते. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर आणि नंतर अर्धा ते एक तास काही नको, चहा-कॉफीसुद्धा नाही. सकाळी खरंच जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते, शेवटचं खाऊन तीन तास झालेले असले की झालं. पण एकच वेळ धर.

सवय वगैरे काही लागत नाही. गळ्यातली ग्रंथी जे हार्मोन बनवते तेच या गोळीत असतं. एडवर्ड केंडल यांनी १९१४ साली ते शुद्ध रूपात वेगळं केलं. तुझ्या ग्रंथीतून ते पुरेसं येत नाही, म्हणून बाहेरून द्यायचं, इतकंच. हे औषध शरीरात सावकाश साठतं आणि सावकाश उतरतं, निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून वेळा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच कर, आठ दिवसांत करून काही कळणार नाही.

महत्त्वाचं म्हणजे, आज डॉक्टरांना फोन करून सांग की मी आयर्न-कॅल्शियम सोबत घेत होते. कारण डोस दोनदा वाढलाय, आता गोळी नीट शोषली जायला लागली की तोच डोस जास्त होऊ शकतो, मग धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होईल. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर तेही सांग, त्याने गोळीला काही होत नाही पण रक्ताचा रिपोर्ट चुकतो, टेस्टच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतात. आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच बोलून घे, गरोदरपणात डोस बहुतेक वाढवावा लागतो आणि तो लवकर वाढवावा लागतो.

प्रश्न : मायग्रेन कॉलेजपासून आहे, आता वय २९. पूर्वी महिन्यातून दोनदा दुखायचं, आता जवळजवळ रोज डोकं जड असतं आणि रोज एक गोळी लागते. गोळी घेतली नाही तर दिवस जात नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं अगदी हेच झालं होतं म्हणून पोटतिडकीने लिहितेय. डोकेदुखीची गोळीच वारंवार घेतल्याने डोकं दुखायला लागतं, असा एक वेगळा आजारच आहे. साधी पेनकिलर महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनचीच खास गोळी) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की हा धोका असतो. बहिणीला विचारलं तर म्हणायची, आठवड्यातून दोनदा घेत असेन. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळी घेतली की लाल टिंब काढायला लावलं, महिन्याच्या शेवटी तेवीस टिंबं होती. ती स्वतःच बघत राहिली.

तूही आजपासून टिंबं काढ, दुखण्याचं एक आणि गोळीचं एक, आणि ते पान घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. ते गोळी थांबवायला सांगतील, आणि मायग्रेन येऊच नये यासाठीचं रोजचं औषध वेगळं असतं ते देतील. थांबवल्यावर पहिले काही दिवस दुखणं वाढतं हे आधीच माहीत असू दे, नाहीतर तिसऱ्या दिवशी हाय खाऊन परत गोळी घेशील. काही औषधं एकदम बंद करायची नसतात, त्यामुळे मनाने नको. रोज झोपायची-उठायची वेळ एकच ठेव, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, बहिणीला याचा फार फरक पडला. आता तिची महिन्याला तीन-चार टिंबं असतात.

प्रश्न : वय ६८. मुलाने घड्याळ दिलंय, त्यात रोज दहा हजार पावलांचं टार्गेट आहे. माझी साडेचार हजारच होतात, रोज संध्याकाळी ते अपुरं दाखवतं आणि वाईट वाटतं.

काका, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. १९६५च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं, तिथून हा आकडा पसरला, कुठल्या डॉक्टरने तपासून ठरवलेला नाही तो. मुलाला सांगून टार्गेट पाच हजार करून घ्या आणि जमेल तसं हळूहळू वाढवा. पण नुसत्या चालण्यावर थांबू नका, पासष्टच्या पुढे तोल आणि पायातली ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावा असं डब्ल्यूएचओ सांगते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, जवळ कुणीतरी असू द्या, हात छातीवर घ्या आणि अर्ध्या मिनिटात हात न टेकता किती वेळा उठून बसता येतं ते मोजा. आज जो आकडा येईल तो कॅलेंडरवर लिहून ठेवा, महिन्याने परत मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा, मी वाट बघतेय.